डिस्क दोषी नव्हती: अधूनमधून अडणाऱ्या एफसिंकचा शोध

पार्श्वभूमी

हे प्रकरण लिनक्सवर चालणाऱ्या एका भरणा-नोंदणी सेवेचे आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत आणि मोजमापांचे आकडे ठोकळ दिले आहेत. प्रश्नाचे स्वरूप, तपासाचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशा होत्या तशाच मांडल्या आहेत.

सेवेचे काम साधे होते. खिडकीवर रक्कम भरली गेली की तिची नोंद एका फाइलच्या शेवटी जोडायची, त्या फाइलवर एफसिंक ही सिस्टिम कॉल (फाइल डिस्कवर उतरवून मगच परतण्याची कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, केलेली विनंती) करायची आणि ती यशस्वी परतल्यावरच पावती छापायची. हा क्रम जाणीवपूर्वक ठरवलेला होता. प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहिले म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असे होत नाही. तो आधी कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच राहतो आणि कर्नल त्याला सवडीने डिस्कवर उतरवतो. मधल्या काळात वीज गेली तर नोंद जाते. एफसिंक परतले याचा अर्थ नोंद टिकाऊ झाली, आणि पावती हे त्या टिकाऊपणाचे ग्राहकाला दिलेले वचन होते.

यंत्रावर ६४ जीबी मेमरी होती, दोहोंवर तोच मजकूर राहील अशा, आरशासारख्या जोडलेल्या दोन साटा एसएसडी होत्या, त्यांवर मूळ पर्यायांसह बसवलेली ईएक्सटी४ फाइल सिस्टिम होती आणि कर्नल ४.१९ या मालिकेतला होता. त्याच फाइल सिस्टिमवर आणखी एक प्रोग्रॅम काम करीत असे. कार्यालयातून कोणी मागणी केली की तो अहवाल तयार करी, संपूर्ण अहवाल आधी मेमरीत जुळवी आणि शेवटी साधारण एक जीबीची फाइल एका दमात लिहून मोकळा होई. या प्रोग्रॅमकडे तपासाच्या पहिल्या दोन आठवड्यांत आमच्यापैकी कोणीही पाहिले नाही.

अडचण

एरवी एफसिंक तीन ते पाच मिलिसेकंदांत परतत असे. पण दिवसातून काही वेळा, ठरावीक वेळ नसताना, तेच काम दोन सेकंद किंवा त्याहून अधिक अडत असे. एकंदर नोंदींच्या मानाने अशा घटना इतक्या थोड्या होत्या की सरासरीत त्यांचा मागमूसही दिसत नसे.

तरीही हा विलंब नुसता गैरसोयीचा नव्हता. खिडकीवरील प्रोग्रॅम उत्तरासाठी दोन सेकंद थांबे आणि मग तीच नोंद पुन्हा पाठवी. पहिली नोंद खरे तर सेवेपर्यंत पोहोचलेली असे, ती फक्त एफसिंकमध्ये अडकलेली असे. परिणामी एकाच भरण्याच्या दोन नोंदी होत आणि दिवसअखेरच्या मेळात फरक येई. तो फरक शोधायला हिशेब विभागातील माणसे रोज संध्याकाळी थांबत होती. कर्नलमधल्या दोन सेकंदांची किंमत ती माणसे त्यांच्या वेळेने मोजत होती, आणि म्हणून हा प्रश्न मुळापासून सोडवणे आम्हाला आवश्यक वाटले.

पहिला अंदाज आणि त्याची किंमत

पहिला संशय डिस्कवर गेला. तो अगदी निराधार नव्हता, कारण एसएसडी आतल्या आत जुन्या ब्लॉकची साफसफाई करते आणि त्या काळात तिचा प्रतिसाद मंदावू शकतो. रिकाम्या जागेची माहिती डिस्कला देणारा साप्ताहिक ट्रिम सोमवारी मध्यरात्री चाले, म्हणून विलंबांच्या वेळा त्याच्याशी ताडून पाहिल्या. काही जुळले नाही. डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदी स्वच्छ होत्या. कर्नलच्या लॉगमध्येही एक ओळ नव्हती, आणि या शांततेचा आम्ही चुकीचा अर्थ लावला. वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियेबद्दल कर्नल मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांनंतर तक्रार करतो आणि डिस्कला दिलेली आज्ञा साधारणपणे ३० सेकंदांनंतर मुदत संपलेली मानली जाते. दोन-तीन सेकंदांचा विलंब या दोन्ही उंबरठ्यांच्या कितीतरी खाली होता, त्यामुळे लॉग कोरा असण्यातून डिस्कच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच सिद्ध होत नव्हते.

डिस्कची वर्दळ मोजणाऱ्या आयोस्टॅट या साधनाचे आकडे आमच्याकडे होते, पण ते एका मिनिटाच्या सरासरीचे होते. साठ सेकंदांत दोन सेकंदांची कोंडी विरघळून जाते. आलेखावर एक बारीक उंचवटा दिसे, आणि त्याकडे पाहून जो तो आपापल्या अंदाजाला पुष्टी मिळाली असे समजे.

शेवटी आम्ही एक डिस्क बदलली. आरसा पुन्हा जुळू दिला, काही दिवस वाट पाहिली, मग दुसरीही बदलली. विलंब तसाच राहिला. त्यानंतर डिस्कच्या रांगेतील विनंत्यांचा क्रम ठरवणारा शेड्यूलर बदलून पाहिला, आणि इतर पार्श्वभूमीवरील कामांना आयोनाइस या आज्ञेने डिस्क वापरण्याचा सर्वांत खालचा अग्रक्रम दिला. या दुसऱ्या उपायाचा उपयोग का झाला नाही हे पुढे कळले, पण कारण येथेच सांगितलेले बरे. प्रोग्रॅम पेज कॅशमध्ये लिहून मोकळा होतो आणि प्रत्यक्ष डिस्कवर लिहिण्याचे काम कर्नलचा स्वतःचा फ्लशर धागा करतो. प्रोग्रॅमला दिलेला अग्रक्रम त्या धाग्यापर्यंत पोहोचत नाही. दोन आठवडे गेले, आणि हाती आला तो एवढाच निष्कर्ष की डिस्क बदलल्याने काही होत नाही.

निर्णयाचा टप्पा: कोठे मोजायचे

या ठिकाणी आम्ही काहीही बदलणे थांबवले. पुढील प्रत्येक पाऊल मोजमापाचे असेल आणि सेटिंगला हात लावायचा नाही, असे ठरले. मागे वळून पाहता संपूर्ण प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय हाच होता.

एफसिंकचा प्रवास अनेक थरांतून होतो. वर फाइल सिस्टिम आणि तिचे जर्नल (मेटाडेटातील, म्हणजे फाइलची लांबी व जागा यांसारख्या माहितीतील बदल आधी टिपून ठेवणारी वही), त्याखाली ब्लॉक थरातील रांग, आणि तळाशी डिस्क. वरच्या थराला लागलेला वेळ खालच्या थराला लागलेल्या वेळेपेक्षा बराच जास्त असेल, तर विलंब मधे कोठेतरी आहे. म्हणून दोन साधने एकाच वेळी चालू ठेवली. ईएक्सटी४स्लोअर हे साधन फाइल सिस्टिमच्या पातळीवरील संथ क्रिया दाखवते आणि बायोस्नूप डिस्ककडे गेलेली प्रत्येक विनंती व तिला लागलेला वेळ दाखवते. दोन्ही बीपीएफवर, म्हणजे कर्नलमध्येच छोटे निरीक्षक प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीवर, चालतात आणि ४.१९ मध्ये अडचणीविना वापरता येतात. साधनांचा भार सेवेवर पडत नाही ना, याची खात्री आधी चाचणी यंत्रावर करून घेतली.

पहिल्याच दिवशी घटना सापडली. एक एफसिंक २.४ सेकंद अडले होते. त्याच काळात डिस्ककडे शेकडो लेखन-विनंत्या गेल्या होत्या, पण त्यांतील सर्वांत संथ विनंतीही ९० मिलिसेकंदांत पूर्ण झाली होती. एकही विनंती दोन सेकंद रेंगाळली नव्हती. डिस्क व्यस्त होती हे खरे, पण ती अडलेली नव्हती. आमची नोंद काही शे बाइटची होती. मग तिला दुसऱ्या कोणाच्या शेकडो विनंत्यांची वाट का पाहावी लागली?

याचे उत्तर स्टॅकमध्ये, म्हणजे प्रक्रिया कर्नलमधल्या कोणकोणत्या कॉलमधून कोठे पोहोचली आहे त्या साखळीत, मिळाले. सेवेची प्रक्रिया अखंड प्रतीक्षेच्या, म्हणजे डी अवस्थेत दिसली की तिचा कर्नल-स्टॅक लिहून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही सेकंदाला दहा वेळा चालवली. प्रत्येक घटनेत तोच मार्ग दिसला: प्रक्रिया एफसिंकमधून ईएक्सटी४ मध्ये गेली होती आणि तेथून जर्नलच्या कमिटची, म्हणजे जमलेले बदल जर्नलमध्ये पक्के होण्याची, वाट पाहत होती. ती डिस्कच्या दारात नव्हतीच. ती जेबीडी२ या जर्नल-धाग्याच्या दारात उभी होती. मग आम्ही जेबीडी२ चाही स्टॅक घेतला, तर तो स्वतः फाइलीतील पानांचे लेखन पूर्ण होण्याची वाट पाहत होता. ती फाइल मात्र आमची नव्हती.

जेबीडी२ आपल्या प्रत्येक कमिटच्या टप्प्यांचा वेळ वेगवेगळा मोजतो. प्रॉक फाइल सिस्टिममधील त्याच्या माहिती-फाइलीत या टप्प्यांच्या सरासरी मिळतात, आणि त्यांतील एक ओळ ऑर्डर्ड पद्धतीत (तिचा नियम पुढे येतो) डेटा उतरवण्यास लागलेल्या वेळेची असते. सरासरीने आम्हाला एकदा फसवले होते, म्हणून ट्रेसपॉइंट (कर्नलमधली तयार नोंद-ठिकाणे) चालू करून प्रत्येक कमिटचे आकडे वेगळे घेतले. संथ कमिटमध्ये जवळजवळ सगळा वेळ याच टप्प्यात गेलेला दिसला.

नेमके काय घडत होते

अहवालाची एक जीबीची फाइल लिहिली गेली की ती प्रथम पेज कॅशमध्ये पडून राही. ईएक्सटी४ अशा मजकुराला डिस्कवरची जागा लगेच देत नाही, प्रत्यक्ष लेखनाच्या वेळी देते. पार्श्वभूमीवर लेखन सुरू करण्याचा मूळ उंबरठा उपलब्ध मेमरीच्या १० टक्के असतो. या यंत्रावर तो पाच जीबीच्या आसपास येत होता, त्यामुळे एक जीबीच्या फाइलने तो कधीच ओलांडला जात नसे. उरली वयाची अट. अस्वच्छ, म्हणजे अजून डिस्कवर न उतरलेले, पान ३० सेकंद जुने झाले की ते लेखनास पात्र ठरते, आणि फ्लशर दर ५ सेकंदांनी जागा होऊन अशी पाने शोधतो. म्हणजे अहवाल लिहिल्यानंतर ३० ते ३५ सेकंदांनी फ्लशर त्या फाइलला डिस्कवर जागा देई आणि लेखन सुरू करी.

जागा दिली गेली की फाइलचा मेटाडेटा बदलतो आणि तो बदल जर्नलच्या चालू व्यवहारात (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांच्या गटात) येतो. ऑर्डर्ड पद्धतीचा नियम असा की नव्याने दिलेल्या ब्लॉकमध्ये खरा मजकूर पोहोचल्याशिवाय त्या ब्लॉककडे बोट दाखवणारा मेटाडेटा कमिट करायचा नाही. तसे केले नाही तर मधेच यंत्र बंद पडल्यास फाइलीत त्या ब्लॉकमधला जुना, कदाचित दुसऱ्याच कोणाचा मजकूर दिसू शकतो. नियम योग्यच आहे. अडचण एवढीच की जर्नलचा चालू व्यवहार संपूर्ण फाइल सिस्टिममध्ये एकच असतो. आमच्या फाइलच्या शेवटी नोंद जोडली की फाइलची लांबी बदले, तो बदलही त्याच व्यवहारात जाई, आणि एफसिंकला तो व्यवहार कमिट होईपर्यंत थांबावे लागे. कमिट अहवालाच्या मजकुरासाठी थांबलेले असे. डिस्क सेकंदाला सुमारे ४५० एमबी लिहीत होती, म्हणजे एक जीबीला दोन सेकंदांहून थोडे अधिक. आम्हाला दिसणारा विलंबही तेवढाच होता.

घटना अधूनमधून का घडत होत्या तेही यावरून समजले. अहवाल मागणीनुसार निघत, आणि त्यानंतर ३०-३५ सेकंदांनी ते लेखन चालू असतानाच नेमका भरणा आला तरच कोणीतरी अडकत असे. अहवालाची वेळ आणि विलंबाची वेळ यांत अर्ध्या मिनिटाचे अंतर असल्याने दोन नोंदवह्या शेजारी ठेवूनही त्यांचा संबंध डोळ्यांना दिसला नव्हता.

हा गुंता नवा नाही. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ तयार होत असताना त्याच्या अंतर्गत डेटाबेसच्या एफसिंकमुळे ईएक्सटी३ वर लिनक्सच्या वापरकर्त्यांना असेच अनेक सेकंद थांबावे लागत होते, आणि त्याच्याही मुळाशी ऑर्डर्ड जर्नल होते. ईएक्सटी४ च्या विलंबित जागावाटपाने तो त्रास पुष्कळ कमी केला. आमच्या यंत्रावर मात्र त्याच विलंबाने कारण आणि परिणाम यांच्यामध्ये ३० सेकंदांचा पडदा टाकला.

पडताळणी

स्पष्टीकरण पटणारे असले तरी ते खोटे ठरू शकेल अशी एक कसोटी आम्हाला हवी होती. यंत्रातून काढलेल्या दोन्ही डिस्क चाचणी यंत्रात बसवल्या, तोच कर्नल आणि तीच फाइल सिस्टिम उभी केली, एका बाजूने सतत छोट्या नोंदी व एफसिंक चालू ठेवले आणि दुसऱ्या बाजूने एक जीबीची फाइल लिहिली. विलंब अपेक्षेप्रमाणे आला. मग वयाची मर्यादा ३० वरून १० सेकंदांवर आणली. आमचे म्हणणे खरे असेल तर विलंब नाहीसा न होता त्याची फक्त वेळ बदलायला हवी होती, आणि तसेच झाले. तो १० ते १५ सेकंदांनी येऊ लागला. ज्या डिस्कना आम्ही सदोष ठरवून काढले होते, त्यांवरच हे स्पष्टीकरण सिद्ध झाले.

विचारात घेतलेले पर्याय

फाइल सिस्टिम राइटबॅक पद्धतीने बसवली असती तर मजकुराची वाट पाहण्याचा नियमच गेला असता. पण यंत्र कोसळल्यावर एका फाइलीत दुसऱ्याचा मजकूर दिसण्याची शक्यता भरण्याच्या नोंदींच्या बाबतीत मान्य करता येण्यासारखी नव्हती. डिस्कच्या कॅशला रिकामे होण्याची आज्ञा देणारे बॅरियर बंद करण्याचा विचारही त्याच कारणाने सोडला.

अस्वच्छ पानांचा उंबरठा टक्क्यांऐवजी ६४ एमबी करणे हा पर्याय मोहक होता, कारण तो एका ओळीत होणारा होता. चाचणी यंत्रावर करून पाहिले, तर विलंब ३० सेकंदांनी येण्याऐवजी अहवाल लिहिला जाताच येऊ लागला. मजकूर हळूहळू तयार होत असता तर हा उपाय उपयोगी पडला असता. एका दमात पडणाऱ्या एक जीबीपुढे तो निरुपयोगी होता.

अहवालाच्या प्रोग्रॅमला सीग्रुपने, म्हणजे प्रक्रियांच्या गटाचा वापर मर्यादित करणाऱ्या कर्नलच्या सोयीने, डिस्क-वेगाची मर्यादा घालणे हा पर्याय सर्वांत जास्त वेळ चर्चेत राहिला. दुसऱ्या आवृत्तीतील सीग्रुप पेज कॅशमधून होणाऱ्या लेखनालाही मर्यादा घालू शकतो. पण विचार करता लक्षात आले की यामुळे परिस्थिती बिघडू शकते: मर्यादेमुळे अहवालाचा मजकूर सावकाश उतरेल, जर्नलचे कमिट त्याच मजकुरासाठी आणखी जास्त वेळ थांबेल, आणि ज्याला संरक्षण द्यायचे ती नोंदणी सेवाच अडेल. या पर्यायाच्या बाजूने आमच्यातील अनुभवी माणसेही होती. जर्नल सर्वांचे सामायिक असते ही गोष्ट नजरेआड झाली की हा उपाय अगदी योग्य वाटतो.

वेगळी फाइल सिस्टिम, सेवेच्या लेखनपद्धतीत बदल आणि नवा कर्नल हे पर्याय उरले.

केलेली कारवाई

तातडीचा बदल अहवालाच्या प्रोग्रॅममध्ये केला. तो आता आठ एमबीचा तुकडा लिहितो, सिंक-फाइल-रेंज या कॉलने तो डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो, थोडा विराम घेतो आणि मगच पुढचा तुकडा लिहितो. अहवालाला काही सेकंद जास्त लागतात, पण त्याची घाई कोणालाच नव्हती. कोणत्याही क्षणी जर्नलला फार तर एका तुकड्यासाठी थांबावे लागते. त्या पाठोपाठ अहवालांसाठी स्वतंत्र फाइल सिस्टिम केली, म्हणजे दोघांचे जर्नल वेगळे झाले.

दुसरा बदल सेवेत केला, आणि तो अधिक मूलभूत होता. नोंदींची फाइल शेवटी वाढवत नेण्याऐवजी ठरावीक आकाराची फाइल आधीच शून्यांनी भरून एफसिंक करून ठेवायची आणि नोंदी त्या तयार जागेत लिहायच्या. लांबी बदलत नाही, जागा नव्याने द्यावी लागत नाही, म्हणून एफसिंकऐवजी एफडेटासिंक (मजकूर वाचण्यासाठी गरजेचा नसलेला मेटाडेटा वगळणारा त्याचाच प्रकार) वापरले की नेहमीच्या नोंदीसाठी जर्नलच्या कमिटची वाट पाहावी लागत नाही. यात एक बारकावा आहे, तो आम्हाला पहिल्या प्रयत्नात निसटला. केवळ फॅलोकेट या कॉलने जागा राखून चालत नाही. तशी जागा ‘अलिखित’ म्हणून नोंदलेली असते आणि तिच्यात पहिल्यांदा लिहिताना ती खूण बदलावी लागते, जो पुन्हा जर्नलचाच बदल असतो. शून्ये प्रत्यक्ष लिहावी लागतात.

तिसरी गोष्ट खिडकीवरील प्रोग्रॅमची. प्रत्येक भरण्याला खिडकीवरच एक क्रमांक मिळू लागला आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सेवा नवी नोंद न करता आधीच्याच नोंदीची पावती देऊ लागली. हा बदल कर्नलशी संबंधित नाही, पण तो विलंबाच्या आधीपासूनच असायला हवा होता.

परिणाम

पहिल्या बदलाच्या दिवसापासून दोन सेकंदांचे विलंब थांबले. अहवाल लिहिला जात असताना एफसिंकला काही दहा मिलिसेकंद जास्त लागत, कारण डिस्क शेवटी सामायिकच होती, आणि फाइल सिस्टिम वेगळी केल्यानंतरही हा भाग उरला. तो आम्ही स्वीकारला. दिवसअखेरच्या मेळातील दुहेरी नोंदी बंद झाल्या.

पुढे चाचणी यंत्रावर ५.१० मालिकेचा कर्नल बसवून जुनीच रचना पुन्हा चालवली, तेव्हा जर्नलचा डेटा उतरवण्याचा टप्पा जवळजवळ शून्यावर आलेला दिसला. कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, ईएक्सटी४ नेहमीच्या रचनेत नवे ब्लॉक आधी ‘अलिखित’ म्हणून देते आणि मजकूर पोहोचल्यावर ती खूण काढते. जुना मजकूर दिसण्याचा धोका अशा रीतीने वेगळ्या मार्गाने टळत असल्याने कमिटला थांबण्याचे कारण उरत नाही. कर्नल आधी बदलला असता तर लक्षण गेले असते, पण ते कशामुळे गेले हे कळले नसते आणि सेवेची लेखनपद्धती तशीच राहिली असती.

वेगळे काय करता आले असते

डिस्क बदलण्यापूर्वी एक दिवस थरांच्या मोजमापाला द्यायला हवा होता. साधने यंत्रावर उपलब्ध होती, ती चालवायला परवानगीची अडचण नव्हती. डिस्क बदलणे मात्र कोणालाही समजावून सांगता येणारे काम होते, आणि काहीतरी करीत आहोत हे दाखवण्याची गरज आम्हाला मोजण्याच्या गरजेपेक्षा मोठी वाटली. हिशेब विभागाच्या दोन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या.

देखरेखीत सरासरीऐवजी विलंबांचे वितरण ठेवायला हवे होते. आता सेवा प्रत्येक एफसिंकचा वेळ स्वतःच नोंदवते आणि २०० मिलिसेकंदांवरील प्रत्येक घटना तिच्या अचूक वेळेसह वेगळी ठेवली जाते. कर्नलचा दबाव-निर्देशक, म्हणजे पीएसआय, ४.२० मध्ये आला आणि आमचे यंत्र नेमके एका आवृत्तीने मागे होते. तो असता तर प्रतीक्षा केव्हा वाढते हे लवकर दिसले असते, मात्र कोण कोणासाठी थांबले आहे हे शोधायला स्टॅकच लागला असता.

आणि वेळा ताडून पाहताना आम्ही ‘त्याच क्षणी काय चालू होते’ एवढेच विचारले. कर्नलमध्ये लेखन आणि त्याचा भार यांच्यात ३० सेकंदांचे अंतर असते, जर्नल मूळ सेटिंगनुसार दर ५ सेकंदांनी कमिट करते, ट्रिम आठवड्याने चालतो. या मुदतींची यादी समोर ठेवून ‘विलंबाच्या अर्धा मिनिट आधी काय झाले’ हा प्रश्न विचारला असता, तर अहवालाची नोंदवही पहिल्याच आठवड्यात उघडली गेली असती.